‘नवीनच घेऊन टाका’ म्हणणाऱ्यांना

घरातली एखादी वस्तू बंद पडली की आपल्याकडे आधी निकाल लागतो आणि वेळ उरलाच तर चौकशी होते. डिशवॉशरच्या नशिबी तर तीही नाही. मशीनने ताटं तेलकट ठेवली, मध्येच थांबून दिवा लुकलुकवला, तळाशी गढूळ पाणी तसंच सोडलं, की प्रश्न एकच येतो: “किती वर्षं झाली?” सात म्हणा, आठ म्हणा, उत्तर ठरलेलं आहे. “मग काय, पैसे वसूल झाले की! आता दुरुस्तीत अर्थ नाही, नवीनच घेऊन टाका.” हे म्हणणाऱ्याने मशीनचा दरवाजासुद्धा उघडून पाहिलेला नसतो. तरी त्याच्या आवाजात असा काही पोक्तपणा असतो, की आपण एका जुन्या डब्यासाठी उगाच जीव टाकतोय की काय, असं ऐकणाऱ्यालाच वाटायला लागावं.

मला या पोक्तपणाचा वीट आला आहे.

या मंडळींचं म्हणणं मी त्यांच्याच शब्दांत मांडते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की बाईंनी विपर्यास केला. हल्लीच्या वस्तू दुरुस्तीसाठी बनवलेल्याच नसतात. पार्ट मिळत नाहीत. मिळाले तर अर्ध्या मशीनच्या किमतीचे. मेकॅनिक पुण्याहून येणार, एकदा बघायला आणि एकदा पार्ट घेऊन, आणि दोन्ही वेळा व्हिजिटचे पैसे लावणार. एक भाग बदलला की महिन्याभरात दुसरा जातो. नवीन मॉडेल पाणी कमी घेतं, वीज कमी खातं, वर जुन्यावर एक्स्चेंज मिळतो. आणि शेवटी हुकमाचं पान: आपल्या वेळेला काही किंमत आहे की नाही?

सगळं एका दमात ऐकलं की पटतं. म्हणून ते सुटं सुटं करून बघायला हवं.

मी राहते ते कुरवंडे लोणावळ्याच्या टोकाला, सह्याद्रीच्या कड्यावर आहे. एका अंगाला नौदलाचं आयएनएस शिवाजी, दुसऱ्या अंगाला नागफणीचा सुळका आणि पुढे एकदम कोकण. गेल्या काही वर्षांत इथे भाताच्या खाचरांशेजारी बंगले उभे राहिले. मालक मुंबईचे नाहीतर पुण्याचे, किचन मॉड्युलर, आणि ओट्याखाली डिशवॉशर. 2020 च्या टाळेबंदीत भांड्याला कुणी येईना, तेव्हा देशभर या मशीनची मागणी एकदम वाढली. आमच्याकडच्या बऱ्याच बंगल्यांतही ती त्याच सुमारास उतरली. म्हणजे आज ती नेमकी ‘झालं की आयुष्य’ हे ऐकण्याच्या वयाची आहेत. काही ठिकाणी तर त्यांचं कपाट झालं आहे. भांडी हातांनी घासायची आणि निथळायला मशीनमध्ये लावून ठेवायची. चाळीस-पन्नास हजारांचं निथळणं!

आता या मशीनना इथे नेमकं होतं काय? पाण्यापासूनच सुरुवात करू. टाकी जितकी उंच तितका दाब, आणि हिशेब साधा आहे: एका मीटरला साधारण 0.1 बार. बहुतेक मशीनच्या माहितीपुस्तिकेत किमान 0.3 ते 0.5 बार दाब हवा, असं छापलेलं असतं. बैठा बंगला, स्लॅबवर टाकी, ओटा तळमजल्यावर. हाती लागले तीन-साडेतीन मीटर. एरवी मशीन कसंबसं पाणी भरून घेतं. शनिवारी पाहुणे आले, त्याच पाइपवर दोन शॉवर सुरू झाले, की त्याला पाणी पुरत नाही. ते ठरावीक वेळ वाट बघतं आणि ‘पाणी येत नाहीये’ असा संकेत देऊन थांबतं. ते अगदी खरं बोलत असतं. त्या खरं बोलण्याची शिक्षा म्हणून आपण त्याला भंगारात काढणार आणि त्याच नळाला नवं मशीन जोडणार. नव्याला वर्षभरात तोच संकेत द्यावा लागला, की ‘हल्लीच्या वस्तूच तकलादू’ म्हणायला आपण मोकळे.

दाब पुरेसा असेल तर जाळी बघा. पाणी आत येतं त्या पाइपच्या तोंडाशी बोटाच्या पेराएवढी बारीक जाळी असते. पहिल्या पावसानंतर आमच्या टाक्यांत लाल गाळ येतो. तो तिथे जाऊन बसतो. प्लग काढायचा, नळ बंद करायचा, पाइप सोडवायचा, जाळी पक्कडीने हलकेच ओढायची, जुन्या टूथब्रशने घासायची आणि परत बसवायची. वॉशिंग मशीनच्या बाबतीत हे काम घरोघर कुणी ना कुणी करतं. डिशवॉशर आलं की त्याच माणसाचे हात अचानक थरथरायला का लागतात?

मग पाण्याचा जडपणा. पावसाळ्यात आणि नंतर काही महिने इथलं पाणी मऊ असतं. एप्रिल-मेमध्ये बोअरचं किंवा टँकरचं पाणी सुरू झालं, की काचेच्या ग्लासांवर पांढरे डाग येतात, ताटं खरखरीत लागतात. मशीनच्या तळाशी मिठाचा एक कप्पा असतो. आत पाणी मऊ करणारे रेझिनचे बारीक मणी असतात, ते पाण्यातलं कॅल्शियम धरून ठेवतात, आणि त्यांना पुन्हा कामाला लावायचं म्हणजे मिठाच्या पाण्याने धुवावं लागतं. या कप्प्यात जाडं, शुद्ध मीठच लागतं. स्वयंपाकाच्या बारीक मिठात ते सुटं राहावं म्हणून घातलेले पदार्थ असतात, त्यांचा तिथे उपद्रव होतो. हा कप्पा मशीन आलं त्या दिवशी, बसवायला आलेल्या माणसाने भरलेला असतो. त्यानंतर तो कुणी उघडला? आणि तो रिकामा असताना ‘आताशा पूर्वीसारखं स्वच्छ निघत नाही’ ही तक्रार नेमकी कुणाविरुद्ध आहे?

पाणी बाहेर जात नसेल तर आधी फिल्टर काढून बघायचा, आणि त्याच्या खालच्या खड्ड्यातलं पाणी स्पंजने टिपून ड्रेन पंपाचं छोटं झाकण उघडायचं. तिथे काय सापडतं, यावर एक वेगळा लेख होईल. लिंबाची बी. चिकनच्या हाडाचा कपचा. फुटलेल्या ग्लासची काच. म्हणून तिथे नुसती बोटं घालू नयेत. मोहरी तर पाणी फवारणाऱ्या स्प्रे आर्मच्या भोकांत अशी चपखल बसते, की ती भोकं तिच्याच मापाने पाडली असावीत. आणि गाव लोणावळ्याचं असल्यामुळे चिक्की. गूळ गरम पाण्यात विरघळून जातो, शेंगदाण्याचा तुकडा जात नाही. तो पंपाच्या पंख्यात अडकला की पंख्याचं फिरणं बंद. मशीन म्हणतं पाणी बाहेर जात नाही. मेकॅनिक म्हणतो पंप गेला. मालक म्हणतो मशीन गेलं. एका शेंगदाण्याची कारकीर्द एवढी मोठी होते, ती कुणीही खाली वाकून बघत नाही म्हणून.

वीकेंडच्या बंगल्यांत आणखी एक हमखास प्रकार आहे. डिशवॉशरची पावडर संपते आणि कुणी तरी सेवाभावी पाहुणा सिंकजवळची भांडी घासायची लिक्विडची बाटली त्या कप्प्यात ओततो. फेस, फेस, सगळीकडे फेस. तो दाराच्या रबरातून झिरपून मशीनच्या तळाच्या ताटलीत उतरतो. तिथे एक तरंगता फ्लोट असतो. ताटलीत पाणी साचलं की तो वर उचलला जातो, मशीन नवं पाणी घेणं थांबवतं आणि ड्रेन पंप घरघरत ठेवतं. घरात पूर येऊ नये म्हणून केलेली ही सोय आहे. ताटली कोरडी केली आणि गळती दुसरी कुठली नाही ना एवढं पाहिलं, की मशीन पूर्ववत. पण लाल दिवा आणि थांबत नसलेला पंप एकदम दिसला, की बंगल्यावरच्या काकांना मालकाचा फोनवरून हुकूम येतो: “हात लावू नका, तसंच राहू दे, नवीन पाठवतो.”

बाकीची कामगिरी आमच्या हवेची. चार महिने धुकं आणि ओल, कपाटातल्या चपलांनाही बुरशी. बंगला दोन-तीन महिने बंद राहिला की खड्ड्यातलं उरलेलं पाणी सुकतं, रबरी सील आखडतात, पंपाची दांडी जाम होते, आणि मालक आल्या आल्या कळ दाबतात. आत उंदरांनी पाइप कुरतडलेला असतो, नाहीतर उबेसाठी शिरलेली पाल पीसीबीवर, म्हणजे मशीनच्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावर, चिकटलेली असते. आणि वीज! ज्या घाटमाथ्याच्या पाण्यावर 1915 पासून खाली खोपोलीला वीज तयार होते आहे, त्याच घाटमाथ्यावर जुलैच्या वादळी रात्री दिवे कितीदा जातात आणि परत येताना किती जोरात येतात, हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. त्या धक्क्याने पीसीबी जातो. पण फ्रिजला स्टॅबिलायझर, टीव्हीला स्टॅबिलायझर, डिशवॉशरला भिंतीतलं थेट सॉकेट. का? ते ओट्याखाली असतं आणि दिसत नाही, म्हणून.

फेब्रुवारी 1661 मध्ये शाहिस्तेखानाने धाडलेला करतलबखान याच कुरवंड्याच्या वाटेने खाली उतरला आणि उंबरखिंडीत शिवाजी महाराजांच्या तावडीत सापडला. त्याच्या जागी दुसरा सरदार, नवं सैन्य, ताजे घोडे पाठवले असते तर खिंड रुंद झाली असती का? पाणी तेच, टाकी तीच, व्होल्टेज तेच, उंदीर तेच, पाहुणे तेच, आणि आपण सरदार बदलत बसलो आहोत. यातले बहुतेक बिघाड मशीनचे नाहीतच, घराचे आहेत. ते दुरुस्त न करता आणलेलं नवीन मशीन हे उत्तर नव्हे, तोच प्रश्न पन्नास हजार भरून पुन्हा विकत घेणं आहे.

“बरं, घराचं सोडा,” पोक्त मंडळी म्हणतात, “पण हिशेब तरी बघा. दुरुस्ती नव्याच्या निम्म्या किमतीच्या वर गेली तर करू नये, हा साधा नियम आहे.” हा नियम कुणी केला, कधी केला, कुणालाच ठाऊक नाही, पण तो अशा थाटात सांगितला जातो की जणू मनुस्मृतीनंतर थेट यालाच मान. हिशेबच करायचा तर वर्षाचा करा. समजा नवीन मशीन 48 हजारांचं. ते आठ वर्षं चालेल, असं तुम्हीच म्हणता. म्हणजे वर्षाला 6 हजार. जुन्याला 12 हजार घातले आणि ते चार वर्षं चाललं, तर वर्षाला 3 हजार. नुसती दोनच वर्षं चाललं तरी बरोबरी होते. मग ‘अर्थ नाही’ हे कुठल्या गणितात बसतं? शिवाय तो खर्चाचा आकडा आला कुठून? तो देणारा बहुतेक वेळा नवीन मशीन विकणाऱ्यांच्याच साखळीतला असतो. पंपात अडकलेला तुकडा काढणं फुकटात होतं, पंप बदलणं काही हजारांत, आणि ‘सगळी असेंब्लीच बदलावी लागेल मॅडम’ म्हटलं की आकडा आपोआप निम्म्याच्या वर जातो. निम्म्याचा नियम पाळला गेला. कुणाच्या सोयीने, ते विचारायचं नाही.

‘एक भाग बदलला की दुसरा जातो’ यावर मी फार वेळ घालवणार नाही. हीटर आणि ड्रेन पंप यांनी एकत्र मरण्याची शपथ घेतलेली नसते. एकामागोमाग एक भाग जात असतील तर पुन्हा व्होल्टेजकडे आणि पाण्याकडे बघा.

पाणी-विजेच्या बचतीचं पुराण मात्र ऐकण्यासारखं आहे, कारण ते सांगताना लोकांच्या डोळ्यांत पर्यावरण दाटून येतं. समजा जुनं मशीन एका फेरीला 12 लिटर पाणी आणि 1.1 युनिट वीज घेतं, आणि नवीन साडेनऊ लिटर आणि 0.9 युनिट. वर्षाला 250 फेऱ्या धरल्या, म्हणजे वर्षभर घर उघडं असणाऱ्या माणसाच्या, तर वीज वाचली 50 युनिट. दहा रुपये युनिट धरा: पाचशे रुपये. 48 हजारांचं मशीन विजेच्या बचतीतून फेडायला 96 वर्षं लागतील. पणतूच्या हाती कोरं करकरीत बिल पडेल. पाणी वाचलं वर्षाला 625 लिटर. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त पाऊस पडतो. म्हणजे शंभर चौरस मीटरच्या एका छपरावरून वर्षाला चार लाख लिटर पाणी घरंगळत जातं आणि ते साठवायची तसदी एकही बंगलेवाला घेत नाही. पण सव्वासहाशे लिटरसाठी चाळीस-पन्नास किलोचं स्टील, तांबं, प्लास्टिक आणि आवाज दाबण्यासाठी चिकटवलेले डांबराचे पट्टे भंगारात टाकायला तो तयार आहे. त्या पट्ट्यांचं आणि प्लास्टिकचं पुढे काय होतं? भंगारवाला आतला स्टीलचा टब आणि मोटार घेतो. उरलेलं घाटात एखाद्या वळणावर भेटतं. ई-कचऱ्याचे 2022 चे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत आणि मशीन शेवटी रीतसर मोडीत काढण्याची जबाबदारी त्यांनी उत्पादकांवर टाकली आहे. एक्स्चेंजमध्ये दिलेलं मशीन नेमकं कुठे गेलं, असं तुमच्यापैकी कुणी, कधी, कुणाला विचारलं आहे?

आता ‘हल्लीचं तंत्रज्ञान दुरुस्त होत नाही’ हे पालुपद. इलिनॉयमधल्या जोसेफिन कॉक्रेन या बाईंनी डिसेंबर 1886 मध्ये भांडी धुण्याच्या यंत्राचं पेटंट मिळवलं आणि 1893 च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ते मांडलं. ताटं जाळीत उभी लावायची, आणि घासण्याऐवजी पाण्याचा जोर त्यांच्यावर सोडायचा. आज ओट्याखाली जे आहे ते मुळात हेच आहे. पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह, ते तापवणारा हीटर, फिरवणारा पंप, फेकणारा पंप, उष्णता मोजणारा सेन्सर, आणि या सगळ्यांना हाक मारणारा पीसीबी. मिक्सरपेक्षा भाग जास्त आहेत, कबूल, पण गूढ असं एकही नाही. आतले एकेक भाग मल्टिमीटरने तपासता येतात. हीटर आणि पंपाची वेटोळी तुटली आहेत की शाबूत, हे मिनिटाभरात कळतं. ‘पीसीबी गेला’ म्हणून जो अख्खा बोर्ड बदलला जातो, त्यावर व्होल्टेजचा धक्का आपल्या अंगावर घेऊन जळणारा व्हॅरिस्टर नावाचा एक चहाच्या किमतीचा भाग असतो. कधी तोच गेलेला असतो, कधी एखादा रिले, कधी नुसतं सोल्डर सुटलेलं. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीच्या परिसरात असे सुटे भाग मिळतात आणि असा बोर्ड तपासणारे हातही भेटतात. त्यांच्यापर्यंत जायचं नसेल तर नका जाऊ. पण ‘होतच नाही’ असं म्हणू नका.

मला सगळ्यात जास्त गंमत वाटते ती या गोष्टीची, की हे ‘होतच नाही’ आम्ही आयएनएस शिवाजीच्या कुंपणाला लागून म्हणतो. फेब्रुवारी 1945 पासून त्या कुंपणाच्या आत आपल्या नौदलाच्या माणसांना जहाजाची इंजिनं आणि यंत्रसामग्री चालवायला आणि नीट ठेवायला शिकवलं जातं. भर समुद्रात कुठलं सर्व्हिस सेंटर? तिथे पंप बंद पडला तर कॅप्टनला ‘साहेब, एक्स्चेंज ऑफर चालू आहे’ असं कोण सांगणार? आधी बिघाड कुठे आहे ते शोधायचं आणि मग भागाला हात घालायचा, हा क्रम भिंतीच्या आत शिस्त म्हणून शिकवला जातो. भिंतीबाहेर येईपर्यंत त्याला चिकटपणा का म्हणतात?

पार्ट मिळत नाहीत, हे मात्र खरं आहे. कधी ते मिळतच नाहीत, कधी दोन महिने ‘मागवलाय’ ऐकावं लागतं, कधी पाच रुपयांच्या रबरासाठी पाच हजारांचा सेट गळ्यात मारला जातो. पण यातून ‘म्हणून नवीन घ्या’ हा निष्कर्ष कसा काय निघतो? चोरी होते म्हणून घर चोराच्याच नावावर करायचं? युरोपीय संघाने मार्च 2021 पासून डिशवॉशरसाठी नियम केला: मॉडेलचं शेवटचं मशीन बाजारात आल्यानंतर पंप, हीटर, सेन्सर, पीसीबी असे भाग कारागिरांना किमान सात वर्षं, आणि दाराची रबरं, स्प्रे आर्म, फिल्टर, जाळ्या असे भाग सामान्य ग्राहकालासुद्धा किमान दहा वर्षं मिळालेच पाहिजेत, आणि मागितल्यापासून कामाच्या पंधरा दिवसांत. सात वर्षं, दहा वर्षं! आपल्याकडे ज्या वयात मशीनला निरोप देतात, त्या वयानंतरही त्याला भाग लागणार, असं तिथला कायदा गृहीत धरतो. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली, त्याच वर्षी 24 डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्याचं पोर्टल सुरू झालं. चांगलं झालं. पण पोर्टलवरून ड्रेन पंप येत नाही, बंधन घालावं लागतं. आणि ते घालावं असं सरकारला कधी वाटेल? लोक पार्टसाठी भांडतील तेव्हा, की पहिल्याच नकाराला मुकाट शोरूम गाठतील तेव्हा? राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे. खोपोलीचं वीजकेंद्र सुरू झालं तेही 1915 साली. आमच्या भागातल्या माणसाला तो विसरायला सबब नाही.

उरला वेळ. ‘आमच्या वेळेला किंमत आहे.’ आहे ना! पण नवीन मशीन निवडताना चार रात्री मोबाइलवर घालवल्या, दोन शोरूम फिरलात, ते बसवायला सुट्टी काढलीत, जुनं कोण नेणार यावर सोसायटीशी वाद घातलात, तो वेळ कुणाचा होता? आणि एक वेळ अशी आहे, जी या हिशेबात कधीच येत नाही. मशीन बंद पडल्याच्या दिवसापासून नवीन येईपर्यंत, आणि अनेक घरांत त्यानंतरही, भांडी कोण घासतं? पुरुषमंडळी कुठलं मॉडेल, किती प्लेस सेटिंग, कढईसाठी 70 अंशांचा वेगळा प्रोग्राम आहे का, यावर गंभीर चर्चा करत असतात. सिंकपाशी घरातली बाई उभी असते, नाहीतर गावातून कामाला येणारी. आमच्याकडे पावसाळी शनिवारी एकेका बंगल्यावर पंधरा-वीस माणसं उतरतात. त्यांच्या मिसळीच्या, मटणाच्या भांड्यांचा ढीग बर्फासारख्या पाण्यात त्या बायका उपसतात. ‘मशीन काय, बंद पडलं तर मावशी आहेतच’ हे वाक्य मी इतक्या सहजपणे ऐकलं आहे, की ते बोलणाऱ्याला आपण काय बोललो याचा पत्ताही नसतो. बिघाड शोधायला तासभर नाही म्हणणाऱ्या माणसाकडे मावशींचे तास मात्र अमर्याद असतात. मशीन दुरुस्त करणं हे काटकसरीचं काम आहे, असं समजणाऱ्यांनी एका रविवारी दुपारी त्या सिंकसमोर उभं राहून बघावं.

टाकून द्यायची वेळ कधीच येत नाही, असं नाही. आतला टबच गंजून फुटला आणि त्यातून वायरिंगवर पाणी पडत असेल, किंवा मुख्य पंप आणि पीसीबी दोन्ही गेले असून त्या मॉडेलचं कुठलंच सामान खरोखर मिळत नसेल, तर द्या निरोप. पण ‘खरोखर’ म्हणजे कुणी तरी शोधून, विचारून, लेखी नकार घेऊन. मृत्यूचा दाखला देण्यापूर्वी नाडी बघायची असते, एवढीच माझी अट आहे. आणि दाखल्यावर कारण लिहायचं असतं. ‘सात वर्षं झाली’ हे कारण नव्हे, ते वय आहे.

तेव्हा पुढच्या वेळी दिवा लुकलुकला की आधी प्लग काढा, नळ बघा, जाळी बघा, फिल्टर बघा, पंपाचं झाकण बघा, मिठाचा कप्पा बघा. यातलं काहीच नसेल तर मेकॅनिकला बोलवा. तो दारातूनच ‘मॅडम, नवीन घ्या’ म्हणाला तर त्याला चहा द्या आणि सांगा: दादा, आधी मशीन ओट्याखालून बाहेर ओढा, खालचं पॅनेल खोला, मल्टिमीटर लावा. कुठला भाग गेला ते बिलावर नावानिशी लिहा. त्या भागाची किंमत आणि मजुरी वेगवेगळी लिहा. भाग मिळत नसेल तर तसं लिहून सही करा. बदललात तर जुना भाग इथेच ठेवून जा. आणि यातलं काहीच करायचं नसेल, तर व्हिजिटचे पैसे कसले मागता?